करंट आसा, पण मशीन धरणा नाय

कोकण किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वाळूवर वर ओढून ठेवलेल्या, त्यांच्यावर झावळ्या आणि ताडपत्री. त्यांची मशीनं, म्हणजे होडीच्या मागे अडकवायची छोटी आउटबोर्ड इंजिनं, मात्र घरोघरच्या पडव्यांत, लाकडी घोड्यावर अडकवलेली. नारळी पौर्णिमा जवळ आली की एकेक मशीन घोड्यावरून उतरतं, पाण्याने भरलेल्या पिंपात उभं राहतं आणि दोरी ओढली जाते. बरीचशी मशीनं थोड्या कुरकुरीनंतर सुरू होतात. काही होत नाहीत. मग झाकण निघतं, ठिणगी पाडणारा प्लग काढून मशीनच्या धातूच्या अंगाला, म्हणजे ब्लॉकला, टेकवला जातो, कुणीतरी पुन्हा दोरी ओढतं, प्लगच्या टोकाशी निळसर काहीतरी चमकतं आणि दरवर्षीचं वाक्य ऐकू येतं, "करंट आसा रे, पण मशीन धरणा नाय."

मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो आणि जुलैच्या शेवटी मालवण तालुक्यातल्या आमच्या गावी जातो. मामांनी आयुष्य होडीवर काढलंय. त्यांच्या पडवीत या दिवसांत शेजारपाजारची मशीनंही येतात आणि आम्ही दोघं त्यांच्यासमोर बसतो. ते हाताने आणि कानाने शोधतात, मी मीटरने. इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय आणि तेच इथे मांडायचंय. छोट्या मशीनच्या करंटचा दोष बहुतेक वेळा महागड्या भागात नसतो, पण खर्च मात्र आधी तिथेच होतो. कारण तपासण्यापेक्षा पार्ट बदलणं सोपं वाटतं. मच्छीमाराच्या खिशाला आणि जिवाला हे परवडत नाही.

आधी ही ठिणगी येते कुठून ते बघू. दोरीने सुरू होणाऱ्या साध्या टू-स्ट्रोक मशीनला बॅटरी लागत नाही. वरच्या जड चाकाच्या आतल्या कडेला चुंबकं बसवलेली असतात. मेकॅनिक त्या अख्ख्या चाकालाच मॅग्नेट म्हणतात. चाक फिरलं की ही चुंबकं खालच्या चार्ज कॉइलवरून सरकत जातात आणि तारेच्या वेढ्यांत वीज तयार होते. मायकेल फॅरेडेने १८३१ साली जे दाखवलं ते हेच. इथे साधारण दोनशे-तीनशे व्होल्ट मिळतात. ठिणगीला लागतात हजारो. म्हणून ही वीज लगेच वापरायची नाही, सीडीआय (कपॅसिटर डिस्चार्ज इग्निशन) नावाच्या काळ्या डबीतल्या कपॅसिटरमध्ये साठवायची. माडांना शिंपणं करताना दोणीत पाणी भरू देतात आणि मग बूच काढून एकदम पाटात सोडतात, तसं. बूच कधी काढायचं ते पल्सर नावाची दुसरी छोटी कॉइल सांगते. पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या किंचित आधी तिचा इशारा येतो, डबीतला थायरिस्टर, म्हणजे इशाऱ्यावर चालणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, उघडतो आणि साठलेली सगळी वीज इग्निशन कॉइलमध्ये ओतली जाते. तिथून ती दहा-वीस हजार व्होल्टची होऊन जाड केबलमधून प्लगवर येते.

एका ठिणगीमागे ऊर्जा किती असते? कपॅसिटर सुमारे एक मायक्रोफॅरॅडचा आणि त्यावर तीनशे व्होल्ट धरले तर गणित येतं पंचेचाळीस मिलिज्यूल. पूर्ण वेगात मशीन मिनिटाला पाच हजार फेरे घेत असेल तर हे सगळं मिनिटाला पाच हजार वेळा घडतं. एवढीशी ऊर्जा. वाटेत कुठे थोडी जरी गळली तर प्लगपाशी पोहोचेपर्यंत हातात काही उरत नाही. आणि आमच्याकडे गळायला जागा भरपूर, कारण सगळीकडे मीठ.

या मिठाबद्दल थांबून बोलायला हवं. मशीन वर काढताना गोड्या पाण्याने धुतलं नाही, किंवा नुसतं बाहेरून धुतलं, तर झाकणाखाली मिठाचा बारीक थर राहतो. कोरडं मीठ वीज वाहत नाही. पण हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून घेतं आणि स्वतः विरघळतं. कोकणात जुलैमध्ये आर्द्रता त्याच्या खाली फारशी उतरत नाही. म्हणजे पडवीत, समुद्रापासून दूर, छपराखाली ठेवलेल्या मशीनच्या प्रत्येक जोडावर दोन महिने खाऱ्या पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. तांब्याच्या तारेवर हिरवा कळंक चढतो, तो इन्सुलेशनच्या आत केशाकर्षणाने वर सरकत जातो. अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकवर पांढरा भुगा धरतो. बाहेरून वायर धडधाकट दिसते आणि सोलून बघावी तर आत काळा चुरा निघतो. "बंद होता तवा बिघाडला," असं लोक म्हणतात आणि त्यांना त्याचं आश्चर्य वाटतं. मला आश्चर्य याचं वाटतं की इतकी मशीनं तरीही सुरू होतात.

आता त्या वाक्याकडे येतो. करंट आहे म्हणजे काय आहे? प्लग बाहेर काढून ब्लॉकला टेकवला आणि ठिणगी दिसली, एवढंच. पण प्लगचं काम बाहेर नाही, आत आहे, आणि आत हवा दाबलेली असते. फ्रीड्रिख पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये दाखवून दिलं की दोन टोकांमध्ये ठिणगी पडायला किती व्होल्ट लागतील हे अंतर आणि वायूचा दाब यांच्या गुणाकारावर ठरतं. मोकळ्या हवेत एक मिलिमीटरची फट ओलांडायला चारेक हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये दाब कित्येक पट वाढला की तीच फट ओलांडायला त्याहून पुष्कळ जास्त लागतात. म्हणून अशक्त कॉइल, प्लगवरची भेगाळलेली कॅप किंवा गळकी केबल उघड्यावर छान ठिणगी दाखवते आणि आत गेली की हार मानते. आत प्लगच्या टोकावर उडी मारण्याऐवजी वीज सोपी वाट शोधते. प्लगच्या चिनी मातीवरच्या ओलाव्यावरून किंवा केबलच्या चिरेतून ब्लॉकला जाऊन मिळते.

यासाठी मी प्लगऐवजी मोठ्या फटीचा टेस्टर वापरतो. सात-आठ मिलिमीटरची मोकळी फट ठेवायची. ती पार करून जाड, निळी आणि ‘टक्’ असा आवाज करणारी ठिणगी आली तरच करंट आहे असं म्हणायचं. नारिंगी, बारीक, निःशब्द दोरा दिसला तर तो नसल्यातच जमा. टेस्टर बाजारात फार महाग नाही. जमेल त्याने घ्यावाच. एक गोष्ट मात्र जपायची. सीडीआयच्या मशीनची केबल हवेत मोकळी सोडून दोरी ओढू नये. विजेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ती आतलं इन्सुलेशन फोडते. टेस्टर किंवा प्लग ब्लॉकला पक्का टेकलेला हवा. बऱ्याच छोट्या दोन सिलिंडरच्या मशिनांत एकाच कॉइलला दोन केबली असतात आणि वीज एका प्लगमधून ब्लॉकमध्ये जाऊन दुसऱ्यातून परत येते, त्यामुळे तिथे दोन्ही प्लग टेकवावे लागतात. एकच तपासत बसलं तर निकाल फसवा येतो. आणि प्लगच्या उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ फुसकन बाहेर येते. ठिणगी त्या भोकापासून लांब ठेवायची, इंधनाची नळी आधी काढून ठेवायची. गावात भाजलेले हात मी बघितलेत.

मामांची पद्धत वेगळी आणि माझ्या मते तितकीच भरवशाची. ते तिन्हीसांजेची वाट बघतात. "झिला, काळोखात बघ. उजेडात काय दिसूचा नाय." दिवे मालवायचे, झाकण काढायचं, मशीन पिंपात सुरू करायचं आणि नुसतं बघत राहायचं. केबलला चीर असेल तर तिथून ब्लॉककडे निळ्या रेषा झेपावताना दिसतात. दिसल्या नाहीत तर ते प्लगच्या कॅपवर पाण्याचा बारीक फवारा मारतात. गळती असेल तर ओलावा मिळताच ती उघडी पडते आणि मशीनचा आवाज अडखळतो. यात मीटर नाही, आकडा नाही. पण माझ्या मल्टिमीटरमध्ये नऊ व्होल्टची बॅटरी आहे, आणि त्याने मोजलेली केबल पंधरा हजार व्होल्टला कशी वागेल हे तो सांगू शकत नाही. मामांची परीक्षा खऱ्या व्होल्टेजवर होते. मी हे आता वर्गातही सांगतो.

सीडीआय यायच्या आधी पॉइंट-कंडेन्सर होतं. मामांच्या पहिल्या मशीनला तेच होतं, आणि जुन्या स्कूटरवाल्यांना ते चांगलं आठवत असेल. दोन छोट्या धातूच्या टिकल्या उघडायच्या आणि मिटायच्या. उघडल्या की ठिणगी. टिकल्या जळायच्या, फट बदलायची, मग रस्त्याकडेलाच काचकागदाने घासून, सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा मध्ये घालून फट लावली जायची. त्रासाचं होतं, पण डोळ्यांना दिसत होतं. दोष कुठे आहे ते माणूस बोट ठेवून दाखवू शकत होता. सीडीआयने तो त्रास संपवला यात वाद नाही. घासायला काही नाही, फट बदलत नाही, ठिणगी अधिक जोरकस. पण आता समोर राळेत बुजवलेली काळी डबी आहे. ती उघडत नाही, दिसत नाही, साध्या मीटरने मोजताही येत नाही. जे कळत नाही त्यावर संशय आधी जातो. मेकॅनिक प्लग बदलतो, मग कॉइल बदलतो, मग म्हणतो, बॉक्स गेला असणार. माझ्या अनुभवात डबी खरोखर गेलेली असते, पण क्वचित. तिच्यात हलणारं काही नाही आणि पाणी शिरायला जागा नाही. तिच्याकडे येणाऱ्या आणि तिच्यापासून निघणाऱ्या तारा मात्र मिठात बसलेल्या असतात. संशय घ्यायचा तर आधी तिथे घ्यावा.

शेजारच्या एका तांडेलांच्या, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखांच्या, मशीनची गोष्ट सांगतो, कारण तिच्यात हे सगळं एकत्र आलं. पंधरा हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं मशीन. समुद्रात व्यवस्थित चालायचं आणि परतताना, नेमकं खाडीच्या तोंडावर, मध्येच बंद पडायचं. तोंडावर एका बाजूला वाळूची पट्टी आणि दुसरीकडे खडक. ओहोटीचं पाणी बाहेर लोटत असतं, लाट आत येत असते, आणि ही दोन्ही जिथे भिडतात तिथे होडी आडवी झाली की उलटते. अशा जागी मशीन दहा सेकंदं जरी थांबलं तरी पुरे. बंद पडून दोरी ओढली की कधी लगेच सुरू व्हायचं, कधी नाही. त्यांनी प्लग बदलले, कॉइल बदलली, शेवटी डबीही बदलली. प्रत्येक वेळी वर्कशॉपमध्ये स्टँडवर मशीन तासभर निर्वेध चाललं. दोष सापडला नाही, पैसे मात्र गेले, आणि त्यांच्या घरातली माणसं होडी परत येईपर्यंत किनाऱ्यावर उभी राहायला लागली.

मामांनी मशीनला हात लावण्याआधी त्यांना विचारलं, बंद पडतं तेव्हा तुम्ही काय करत असता? मला हा प्रश्न सगळ्या चाचण्यांपेक्षा मोठा वाटतो. तांडेल म्हणाले, तोंडावर आलो की उभा राहतो, पुढची लाट आणि वाळू बघायला. उभं राहिलं की हातातलं हँडलही वर येतं. त्या मशीनचं बंद करायचं बटन हँडलच्या टोकाला आहे, आणि त्याच्या दोन तारा हँडलच्या मुडपणाऱ्या सांध्यातून झाकणाखाली जातात.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण घरच्या विजेची सवय तिच्या आड येते. घरात बटन बंद केलं की तार तुटते आणि दिवा विझतो. तार तुटली तर अंधार. या मशीनमध्ये उलट आहे. इथे बंद करायचं बटन दाबलं की तार जोडली जाते. डबीतली वीज कॉइलकडे न जाता थेट ब्लॉकमध्ये, म्हणजे अर्थला, वाहून जाते आणि ठिणगी मरते. हातात बांधायच्या दोरीची लाल क्लिप निघाली तरी हेच होतं. म्हणजे बटनाची तार तुटली तर मशीन सुरू होईल, चालेल, पण बटनाने बंद होणार नाही. आणि त्याच तारेचं इन्सुलेशन घासून तांबं कुठे ब्लॉकला टेकलं, तर बटन कुणीही न दाबता मशीन बंद पडेल. दुसऱ्या कुठल्याही भागात काडीचा दोष नसताना.

मी मीटरचं एक टोक बटनाच्या तारेला आणि दुसरं ब्लॉकला लावलं. हँडल आडवं असताना मीटर गप्प. मामांनी हँडल हळूहळू वर उचललं आणि छातीच्या उंचीवर आल्यावर मीटर वाजायला लागला. खाली केलं, थांबला. सांध्याच्या लोखंडी कडेला असायची ती रबरी चकती झिजून कधीच पडली होती, आणि त्या कडेने तार हळूहळू कापली होती. वर्कशॉपच्या स्टँडवर हँडल आडवं असतं, तिथे कुणी उभं राहून लाट बघत नाही. दोष तिथे सापडणं शक्यच नव्हतं.

तारेचा नवा तुकडा, वाकायला थोडी ढील, नवी रबरी चकती आणि दोन क्लिपा. एवढ्यावर काम झालं. तांडेलांची जुनी डबी आणि जुनी कॉइल, दोन्ही धड आहेत. ते आता ती दोन्ही जादा म्हणून बाळगतात.

म्हणूनच करंट नाही म्हटलं की माझं पहिलं काम बटनाची तार सोडवून बघण्याचं असतं. ती सोडल्यावर जोमदार ठिणगी आली तर दोष बटनात, क्लिपमध्ये किंवा त्या तारेत. पाच मिनिटांत निम्मं मशीन संशयातून सुटतं. फक्त ती तार सोडून समुद्रात जायचं नाही. हातात क्लिप बांधलेली आणि माणूस पाण्यात पडला, तर फिरता पंखा थांबवणारी तीच एक तार असते. पिंपात तपासताना मशीन बंद करायचं असेल तर चोक ओढावा.

यानंतर अर्थ. ठिणगीला जाण्याची वाट सगळे तपासतात, परत येण्याची नाही. सीडीआयची, कॉइलची आणि बटनाची काळी तार ब्लॉकवर एखाद्या बोल्टखाली कसलेली असते. त्या बोल्टखाली कळंक आणि पांढरा भुगा बसला की वाट अर्धी बंद होते. मशीन थंड असताना कसंबसं धरतं, तापलं की हुकतं. बोल्ट नुसता घट्ट करून उपयोग नाही. काढायचा, तारेच्या टोकाची रिंग आणि ब्लॉकची जागा चकचकीत होईपर्यंत काचकागदाने घासायची, जोडून कसायचं आणि वरून ग्रीस फासायचं. ग्रीस नंतर, आधी नाही. प्लगच्या कॅपचंही तसंच. ती केबलवर पिळून बसवलेली असेल तर पिळून काढावी, केबलचं काळं पडलेलं टोक बोटाच्या पेराएवढं छाटावं आणि ताज्या तांब्यावर पुन्हा पिळून बसवावी. कित्येक ‘गेलेल्या’ कॉइली या एका छाटणीने जिवंत झालेल्या मी बघितल्यात.

प्लगबद्दल लोक भरपूर बोलतात, म्हणून थोडंच. त्याच्यावरचा नंबर नीट वाचावा. बी७एचएस-१० मधला सात हा प्लग किती गरम-थंड आहे ते सांगतो आणि शेवटचा दहा म्हणजे एक मिलिमीटरची फट. नुसता बी७एचएस घेतला तर फट कमी येते. दुकानदार दोन्हीला ‘तोच’ म्हणतो. बिस्किटी रंगाचा प्लग म्हणजे सगळं ठीक, ओला काळा म्हणजे ऑइल जास्त किंवा ठिणगी कमी, पांढरा फटफटीत म्हणजे मशीन जास्त तापतंय. रॉकेलवर चालणाऱ्या मशीनचा प्लग लवकर काळवंडतो. ही मशीनं पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर घ्यायची असतात आणि बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणायची असतात. किनारा दिसला की घाईत रॉकेलवरच बंद केलं, की कार्ब्युरेटरमध्ये रॉकेल राहतं, सकाळी थंड मशीनमध्ये ते पेटत नाही, प्लग भिजतो आणि करंट गेल्याची हाकाटी होते. करंट कुठेही गेलेला नसतो.

एक दोष मात्र असा आहे की त्याने मामांसारख्या माणसालाही दोन दिवस बसवून ठेवलं. ठिणगी दणदणीत, इंधन ताजं, कंप्रेशन (सिलिंडरमधला दाब) उत्तम, प्लग नवे. तरी दोरी ओढली की मशीन हाताला झटका देऊन उलटं येई, नाहीतर कार्ब्युरेटरमधून फुसफुसे. शेवटी पुलर (चाक ओढून काढायचं हत्यार) लावून मॅग्नेट काढला तेव्हा आतली चावी अर्धी कापलेली निघाली. चाक आणि शाफ्ट यांच्या खाचेत बसणारा हा धातूचा छोटा तुकडा. चाक मुख्यतः शाफ्टच्या निमुळत्या भागावर घट्ट बसून धरतं. चावीचं काम फक्त ते नेमक्या जागी बसवणं. वरचा नट पुरेसा कसला गेला नाही तर चाक किंचित सरकतं, चावी कापली जाते, चुंबकं आणि पल्सर यांचं नातं बिघडतं. मग ठिणगी येते, पण भलत्या क्षणी. ठिणगी आहे की नाही याबरोबर ती कधी आहे हाही प्रश्न असतो. ठिणगी, इंधन, कंप्रेशन तिन्ही जागेवर असून मशीन धरत नसेल तर चावी बघावी. नवी चावी अगदी स्वस्त येते. नट मात्र पुस्तकात दिलेल्या मापानेच, टॉर्क पान्याने कसावा.

आणि एक चोरटा दोष, तापल्यावर येणारा. कॉइलच्या आतलं वेढ्यांचं इन्सुलेशन कमजोर झालेलं असतं. थंड असताना मीटर बरोबर आकडा दाखवतो, अर्धा तास चालल्यावर तार फुगते, वेढा वेढ्याला टेकतो, ठिणगी मरते. थंड झालं की पुन्हा ठीक. अशी कॉइल थंड असताना तपासून काहीच कळत नाही. मशीन बंद पडल्या पडल्या, ती गरम असतानाच टेस्टर लावायचा. समुद्रात हे जमत नाही, पिंपात जमतं, म्हणून पिंपात मशीन नुसतं सुरू करून बघू नये. तासभर चालू द्यावं, हँडल वर-खाली करावं, तारा हाताने हलवून बघाव्यात, झाकण लावून आणि काढून बघावं. पिंपातलं पाणी तापतं, ते बदलत राहावं लागतं. तेवढा कंटाळा करायचा नाही.

१९०९ मध्ये ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या माणसाने अमेरिकेत, मिलवॉकीला, होडीच्या मागे अडकवायची मशीनं विकायला सुरुवात केली. तेव्हापासून या मशिनांचा मूळ आराखडा फारसा बदललेला नाही. वर फिरणारं चाक, मध्ये उभा शाफ्ट, खाली पंखा. यात समजण्यापलीकडचं काही नाही. मला वाटतं, ज्याचं आयुष्य या मशीनवर आहे त्याला ठिणगीची वाट सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतःच्या बोटाने दाखवता आली पाहिजे. मेकॅनिक हवाच, पण तो बंदरात असतो. खाडीच्या तोंडावर तो नसतो. म्हणून आमच्या पडवीत मशीन आणणाऱ्याने प्लग स्वतः काढायचा, बटनाची तार स्वतः सोडवायची, टेस्टर स्वतः लावायचा असा आग्रह मी धरतो. सुरुवातीला लोक नाराज होतात. तांडेलांचा धाकटा मुलगा मात्र आता गावातली मशीनं बघतो आणि बंद पडतं तेव्हा काय करत होता, हा प्रश्न आधी विचारतो.

मामांचा नियम त्याच्या तोंडात बसलाय, "आधी नांगर टाक, मगे झाकण काढ." मशीन बंद पडलं की हात पहिला दोरीकडे जातो, आणि दोरी ओढत बसलेल्या माणसाची होडी वाहत खडकापर्यंत जाते. नांगर लागला की वेळ मिळतो. मग क्लिप जागेवर आहे का बघायचं, मग इंधन, मग प्लग.

या वर्षी मामांच्या होडीसाठी झाकणाच्या घट्ट डब्यात आम्ही हे भरलंय: कागदात गुंडाळलेले दोन नवे प्लग, फट आधीच लावून. प्लगपाना, पकड, डिसमिस. काचकागद, चिकटपट्टी, हातभर वायर. चोक अडकला तर ओढायला तारेचा आकडा. सुरुवातीची दोरी तुटली तर चाकाला गुंडाळून ओढायला गाठ मारलेली जादा दोरी. टॉर्च. वल्ही दोन्ही होडीत बांधलेली आहेत. बटनाची जादा क्लिप मालवणच्या दुकानात संपली होती, ती पौर्णिमेच्या आत आणायचीय.